गर्भाशयमुखाच्या बदललेल्या पेशी आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या

इंदूरच्या एम. वाय. हॉस्पिटलजवळच्या दवा बाजारात अँटिऑक्सिडंट कॅप्सूलचे एखादे खोके हातात घेऊन नीट पाहावे. पुढच्या बाजूला गाजर, टोमॅटो किंवा द्राक्षांचे रंगीत चित्र असते आणि मागच्या बाजूला बीटा कॅरोटीन, लायकोपीन, क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, सेलेनियम आणि झिंक यांची यादी असते. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या खोक्यावर याच यादीच्या आसपास बारीक अक्षरांत ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’, म्हणजे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, असेही छापलेले असते, कारण अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनी ते बंधनकारक केले आहे. तरीही पॅप स्मिअरचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन केलेल्या तपासणीचा, अहवाल बिघडलेला आला की नेमक्या याच कॅप्सूल अनेक स्त्रियांच्या घरी येतात. कधी चिठ्ठीवर लिहून मिळतात, कधी मेडिकलवाला सुचवतो, तर कधी आपल्याला त्यांचा गुण आला असे नात्यातले कुणीतरी सांगते.

राजेंद्र नगरातल्या एका महिला मंडळात या विषयावर बोलून झाल्यावर पस्तिशीच्या आतबाहेरची एक शिक्षिका मागे थांबली होती. “ताई, माझा रिपोर्ट खराब आला होता, कोल्पोस्कोपी करून घ्या म्हणाले होते, पण गोळ्या चालू आहेत, त्यांचा कोर्स पूर्ण झाला की मग दाखवू, असं घरी ठरलं,” असे ती अगदी निश्चिंतपणे म्हणाली. तिची ही निश्चिंतीच मला काळजीत टाकणारी वाटली. गोळी स्वतः फारशी अपायकारक नसेलही, परंतु तिच्या आधारावर पुढची तपासणी लांबणीवर पडते, आणि गर्भाशयमुखाच्या बाबतीत खरा धोका त्या लांबणीतच असतो.

गर्भाशयाचे तोंड, ज्याला आपल्याकडे बायका ‘पिशवीचे तोंड’ म्हणतात, तेथे दोन प्रकारच्या पेशींची सीमा असते. बाहेरच्या बाजूला अनेक थरांचे चपटे अस्तर असते, आतल्या बाजूला एकाच थराचे, श्लेष्मा स्रवणारे नाजूक अस्तर असते, आणि वयात आल्यापासून या सीमेवरच्या पेशी सतत आपले रूप पालटत असतात. ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एच.पी.व्ही., नेमका येथे शिरतो. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. त्यांपैकी साधारण बारा ते चौदा प्रकार कर्करोगाच्या दृष्टीने धोक्याचे मानले जातात, आणि त्यांतले १६ व १८ क्रमांकाचे दोन प्रकार जगातील सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांना कारणीभूत आहेत. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउसेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ आणि १९८४ मध्ये हे दोन प्रकार वेगळे करून दाखवले आणि त्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा संसर्ग लैंगिक संबंधातून होतो आणि आयुष्यात कधी ना कधी तो बहुतेक विवाहित स्त्रीपुरुषांना होऊन जातो. त्यामुळे अहवालात एच.पी.व्ही. आढळला, यावरून त्या स्त्रीच्या किंवा तिच्या पतीच्या वागणुकीविषयी कोणताही निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे.

शंभरांपैकी सुमारे नव्वद जणींच्या शरीरातील प्रतिकारशक्ती हा विषाणू दोन वर्षांच्या आत आटोक्यात आणते. ज्यांच्यात तो टिकून राहतो, त्यांच्या पेशींत त्याची ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिने काम करू लागतात. पेशीच्या जनुकीय द्रव्यात बिघाड झाला की विभाजन थांबवणारे आणि बिघाड फार असेल तर पेशीला मरणाकडे नेणारे पी-५३ नावाचे प्रथिन आपल्या प्रत्येक पेशीत असते. ई-६ त्याचाच नाश घडवून आणते. ई-७ विभाजनावर नियंत्रण ठेवणारे दुसरे प्रथिन, आर.बी., निकामी करते. मग अस्तराच्या तळाशी असलेल्या पेशी पक्व न होताच वर वर सरकू लागतात. बायोप्सीच्या पातळ कापावर पॅथॉलॉजिस्ट हेच पाहतात आणि अस्तरापुरत्या मर्यादित असलेल्या या बदलाची, म्हणजे सी.आय.एन.ची, पायरी ठरवतात: मोठी, गडद, वेडीवाकडी केंद्रके असलेल्या पेशी अस्तराच्या खालच्या एक तृतीयांश भागापुरत्याच असतील तर सी.आय.एन. १, दोन तृतीयांशापर्यंत पोहोचल्या असतील तर सी.आय.एन. २, आणि जवळजवळ संपूर्ण जाडी व्यापली असेल तर सी.आय.एन. ३. यांपैकी कोणतीही अवस्था कर्करोग नव्हे. पेशींनी तळाचा पडदा ओलांडून खाली शिरकाव केला तरच तो कर्करोग ठरतो, आणि संसर्गापासून तेथपर्यंत पोहोचायला बहुधा दहा ते वीस वर्षे लागतात.

या बदलांपैकी बरेच आपोआप मावळतात, आणि गोळ्यांविषयीचे सगळे गैरसमज या एका वस्तुस्थितीतून निघतात. सी.आय.एन. १ चे निम्म्याहून अधिक बदल काहीही न करता नाहीसे होतात. सी.आय.एन. २ विषयी २०१८ मध्ये ३६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात उपचार न करता लक्ष ठेवलेल्या स्त्रियांपैकी दोन वर्षांत ५० टक्के जणींचा बदल मावळला, ३२ टक्के जणींचा तसाच राहिला आणि १८ टक्के जणींचा पुढच्या अवस्थेत गेला. तिशीच्या आतल्या स्त्रियांत तर मावळण्याचे प्रमाण ६० टक्के होते. आता या सर्व स्त्रियांना दोन वर्षे कोणतीही निरुपद्रवी गोळी दिली असती, तरी जवळपास निम्म्या जणींनी ‘गोळीने बरे वाटले’ असेच सांगितले असते, आणि ते प्रामाणिकपणेच सांगितले असते. ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी हाळी ऐकून दान दिले आणि ग्रहण सुटले, म्हणून ते दानाने सुटले असे ठरत नाही. दान न देताही ते सुटले असते का, हे पाहावे लागते. वैद्यकात हे पाहण्याचा मार्ग म्हणजे स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडणे, एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी नकली गोळी देणे, आणि कोणाला काय दिले हे तपासणाऱ्याला शेवटपर्यंत कळू न देणे.

अँटिऑक्सिडंटचा विचार मुळात पुढे आला तो काही व्यापाऱ्यांच्या डोक्यातून नव्हे. त्यामागे गंभीर संशोधन होते. आपल्या पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात तेव्हा फ्री रॅडिकल नावाचे अत्यंत क्रियाशील रेणू निर्माण होतात, आणि ते डी.एन.ए.ला इजा करू शकतात. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व आणि कॅरोटीन हे पदार्थ अशा रेणूंना निष्प्रभ करतात. १९८० च्या दशकात अनेक ठिकाणी असे दिसले की गर्भाशयमुखाच्या पेशी बदललेल्या स्त्रियांच्या रक्तात किंवा आहारात क जीवनसत्त्व, कॅरोटीन, फोलेट (ब गटातले जीवनसत्त्व; गोळीतले त्याचे रूप म्हणजे फोलिक ॲसिड) यांचे प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा कमी असते. मग ही कमतरता भरून काढली तर पेशी पूर्ववत होतील, असे वाटणे साहजिक होते. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात क जीवनसत्त्व कमी असते, आणि धूम्रपानाने गर्भाशयमुखाचे बदलही टिकून राहतात, कारण निकोटिन व त्याची उपउत्पादने थेट तेथील स्रावात उतरतात. गरिबी, अपुरा आहार, तपासणीची सोय नसणे, लहान वयातले लग्न आणि लागोपाठची बाळंतपणे हेही सगळे सहसा एकत्रच नांदतात.

म्हणून चाचण्या झाल्या, आणि त्यांचे निष्कर्ष आता आपल्यासमोर आहेत. नेदरलँड्समध्ये १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज १० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन तीन महिने देऊन काही फरक पडला नाही. डोस कमी पडला असेल म्हणून पुढे तो तिप्पट करण्यात आला. ऑस्ट्रेलियातील १४१ स्त्रियांना रोज ३० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, दोन्ही किंवा नकली गोळी देऊन दोन वर्षे पाहिले; १९९९ मध्ये आलेल्या निष्कर्षात औषधांचा भरवसा धरावा असा कोणताही फायदा आढळला नाही. अमेरिकेत सी.आय.एन. २ आणि ३ असलेल्या स्त्रियांना त्याच मात्रेने दोन वर्षे बीटा कॅरोटीन देऊन २००१ मध्ये तोच निष्कर्ष निघाला. फोलिक ॲसिडची कथा तर अधिक बोलकी आहे. अमेरिकेतील अलाबामाचे चार्ल्स बटरवर्थ यांनी १९८२ मध्ये गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या थोड्या स्त्रियांवर रोज १० मिलिग्रॅमचा प्रयोग केला आणि त्यात सुधारणा दिसली. तेवढ्यावर न थांबता त्यांनी दहा वर्षांनी २३५ स्त्रियांवर तीच मात्रा सहा महिने देऊन पुन्हा तपासणी केली, तेव्हा दोन्ही गटांत काहीच फरक उरला नाही, आणि तो नकारात्मक निष्कर्षही त्यांनी प्रसिद्ध केला. अशा संशोधकांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

कोबीवर्गीय भाज्यांतून मिळणाऱ्या पदार्थांचेही असेच झाले. २००० साली केवळ तीस स्त्रियांच्या एका चाचणीत इंडोल-३-कार्बिनॉल घेणाऱ्या सुमारे निम्म्या स्त्रियांचा गंभीर बदल मावळला, आणि नकली गोळी घेणाऱ्या दहाजणींपैकी एकीचाही मावळला नाही. हा आकडा आजही जाहिरातींत फिरत असतो. पण त्याच पदार्थापासून शरीरात तयार होणारे डी.आय.एम. हे रसायन ब्रिटनमध्ये साडेपाचशे स्त्रियांवर तपासले, तेव्हा २०१२ मध्ये त्याचा सौम्य बदलांवर काहीही परिणाम नसल्याचे स्पष्ट झाले. हिरव्या चहाच्या अर्काची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ९८ स्त्रिया होत्या आणि पूर्ण सुधारणेचे प्रमाण अर्क घेणाऱ्यांत १७ टक्के, तर नकली गोळी घेणाऱ्यांत जवळपास १५ टक्के होते. आपल्या देशातही हळदीतील कर्क्युमिनच्या योनीमार्गात ठेवायच्या कॅप्सूल आणि हळद, आवळा वगैरेंपासून केलेले एक मलम एच.पी.व्ही. असलेल्या, परंतु गंभीर बदल नसलेल्या स्त्रियांवर तपासले गेले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मलमाच्या गटात ८७.७ टक्के आणि कर्क्युमिनच्या गटात ८१.३ टक्के स्त्रियांचा विषाणू गेला. हे आकडे ऐकून कुणीही हरखून जाईल. पण नकली औषध घेतलेल्या स्त्रियांपैकीही ७३.३ टक्के जणींचा विषाणू गेलेला होता. मलमाचा थोडा अधिक गुण दिसला आणि तो पुढे तपासण्यासारखा आहे. कर्क्युमिनच्या बाबतीतला फरक मात्र योगायोगानेही पडू शकेल इतका लहान होता.

एका अपवादाची नोंद करायला हवी. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत अ जीवनसत्त्वाचे रेटिनॉइक ॲसिड हे रूप गोळीने न देता गर्भाशयमुखावर थेट लावण्यात आले. सी.आय.एन. २ असलेल्या स्त्रियांत ४३ टक्के जणींचा बदल पूर्ण मावळला, तर नकली औषधाच्या गटात २७ टक्के जणींचा. सी.आय.एन. ३ वर मात्र काहीही परिणाम झाला नाही. हे औषध पेशींच्या पक्वतेवर काम करते. कॅप्सूलमधल्या अँटिऑक्सिडंटशी त्याचा संबंध नावापुरताच आहे, आणि त्या एका चाचणीवरून ते नेहमीच्या उपचारात आलेले नाही.

‘फायदा नाही तर नाही, तोटा तरी काय आहे?’ असे पुष्कळदा विचारले जाते. त्याचे उत्तर फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दोन मोठ्या चाचण्यांनी दिले आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांपैकी ज्यांना बीटा कॅरोटीन दिले, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला. १९९४ मधील या निष्कर्षाने संशोधकही चकित झाले. अमेरिकेत बीटा कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व एकत्र दिलेल्या गटात तो २८ टक्के अधिक आढळल्याने १९९६ च्या सुरुवातीस ती चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. या चाचण्या गर्भाशयमुखाच्या नव्हत्या, आणि त्यांचे आकडे जसेच्या तसे तेथे लावणे बरोबर होणार नाही. पण त्यांनी एक गोष्ट शिकवली: फ्री रॅडिकल हे केवळ शत्रू नाहीत. बिघडलेल्या पेशीला मरणाचा संदेश देण्याच्या कामी शरीर त्यांचाच उपयोग करते. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये उंदरांवर दाखवले की अँटिऑक्सिडंट दिल्याने फुप्फुसातल्या गाठींच्या पेशींतले पी-५३ मंदावते आणि गाठी अधिक वेगाने वाढतात. ज्या अवस्थेत विषाणू आधीच पी-५३ च्या मागे लागलेला आहे, तेथे हा विचार मनात ठेवणे योग्यच आहे. शिवाय गर्भाशयमुखाचे बदल बहुधा पंचवीस ते चाळीस या वयात सापडतात. हे मूल होण्याचे वय आहे, आणि अ जीवनसत्त्वाची जादा मात्रा गर्भाला अपाय करू शकते. फोलिक ॲसिड मोठ्या मात्रेने घेत राहिल्यास बी-१२ ची कमतरता झाकली जाऊन नसांना इजा होत राहू शकते. शाकाहारी घरांची संख्या मोठी असलेल्या माळव्यात ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही. गरोदरपणासाठी किंवा रक्तक्षयासाठी डॉक्टरांनी दिलेल्या लोह व फोलिक ॲसिडच्या गोळ्या ही वेगळी बाब आहे. त्या कुणीही या लेखावरून बंद करू नयेत.

मोठा तोटा मात्र वेळेचा. सी.आय.एन. ३ ला हात न लावता केवळ पाहत राहिले तर काय होते, हे जगाला न्यूझीलंडमधील एका दुःखद प्रकरणामुळे नेमके कळले. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६० व ७० च्या दशकांत हर्बर्ट ग्रीन या डॉक्टरांनी, हा बदल कर्करोगात जात नाही अशा समजुतीने, अनेक स्त्रियांवर पुरेसे उपचार केले नाहीत, आणि त्या स्त्रियांना आपण एका अभ्यासाचा भाग आहोत याची कल्पनाही देण्यात आली नव्हती. पुढे या प्रकरणाची न्यायालयीन चौकशी झाली. २००८ मध्ये त्या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले की ज्यांच्यावर केवळ लक्ष ठेवले गेले त्यांच्यापैकी ३१ टक्के स्त्रियांना तीस वर्षांत कर्करोग झाला, आणि ज्यांच्यावर पुरेसे उपचार झाले त्यांच्यात हे प्रमाण ०.७ टक्के होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की उपचाराने काय साधते हे कळायला दुसरे काही लागत नाही.

आणि तो उपचार तसा साधा आहे. कोल्पोस्कोपीत डॉक्टर दुर्बिणीसारख्या उपकरणातून गर्भाशयमुख मोठे करून पाहतात. त्यावर तीन ते पाच टक्के ॲसेटिक ॲसिडचे, म्हणजे पातळ व्हिनेगरसारखे, द्रावण लावले की मिनिटभरात बदललेल्या पेशींचा भाग पांढरा पडू लागतो. बदल जितका गंभीर, तितकी ती पांढरी कड अधिक ठळक आणि दाट दिसते. तेथूनच बायोप्सीचा छोटा तुकडा घेतात. सी.आय.एन. १ असेल तर बहुधा काही करायचे नसते, ठरल्या तारखेला पुन्हा तपासायचे असते. सी.आय.एन. २ मध्ये वय, पुढे मूल हवे आहे का आणि स्त्री तपासणीला नियमित येऊ शकते का, हे पाहून निर्णय होतो. सी.आय.एन. ३ असेल तर तो भाग काढणे किंवा नष्ट करणे आवश्यक असते. क्रायोथेरपीत तो अतिशीत वायूने गोठवतात, थर्मल ॲब्लेशनमध्ये उष्णतेने जाळतात, आणि लीप या पद्धतीत विजेच्या तारेच्या बारीक फाशाने तो कापून काढतात. यांपैकी बहुतेक उपचार भूल न देता किंवा फक्त तेवढा भाग बधिर करून काही मिनिटांत होतात, स्त्री त्याच दिवशी घरी जाते, आणि दहापैकी साधारण नऊ जणींत एकाच उपचारात बदल नाहीसा होतो. पिशवी काढून टाकणे हा सी.आय.एन.चा पहिला उपचार नव्हे. गोळ्यांवर विसंबून राहणे आणि घाबरून पिशवीच काढून टाकणे ही दोन टोके आपल्याकडे एकाच घरात पाहायला मिळतात, आणि दोन्हींच्या मधली ही साधी वाट कुणी समजावून सांगत नाही, याची खंत वाटते.

आहाराचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे दोनशे मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. प्रौढ स्त्रीची रोजची गरज शंभर मिलिग्रॅमपेक्षाही कमी आहे. पेरू, आवळा, आगर आणि शाजापूरकडची संत्री, मेथी, पालक हे सगळे आपल्या बाजारात हंगामात स्वस्त मिळते, आणि चांगल्या पोषणाचा प्रतिकारशक्तीला आधार असतो. फक्त बदललेल्या पेशींवरचा इलाज म्हणून त्यांच्याकडे पाहू नये. औषधाइतकेच महत्त्व द्यावे अशी सवयीतली गोष्ट एकच, ती म्हणजे तंबाखू सोडणे. सिगारेट सोडलेल्या स्त्रियांत गर्भाशयमुखावरचा सौम्य बदल आकाराने घटल्याचे लंडनमधील एका छोट्या अभ्यासात १९९६ मध्ये दिसले होते.

भारतात २०२२ साली सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा कर्करोग झाल्याचा आणि जवळपास ८० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयोगटातील दोन टक्क्यांहूनही कमी स्त्रियांनी ही तपासणी कधीतरी करून घेतल्याचे आढळले. तपासणीने काय होऊ शकते हे मात्र आपल्याच मराठी मुलखात सिद्ध झाले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार एच.पी.व्ही.ची केवळ एकदा तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले. जागतिक आरोग्य संघटना आता सर्वसाधारण स्त्रीसाठी तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एच.पी.व्ही. तपासणी सुचवते.

राजेंद्र नगरातल्या त्या शिक्षिकेला मी गोळ्या टाकून दे असे सांगितले नाही. कोल्पोस्कोपीची तारीख आधी घे, बायोप्सी झाली तर अहवालात १, २ की ३ लिहिले आहे ते विचार, आणि उपचार झालाच तर बारा महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घे, असे सांगितले. उपचार झालेल्या स्त्रीत हा धोका इतरांपेक्षा पुढची अनेक वर्षे थोडा अधिक राहतो, त्यामुळे पहिला अहवाल चांगला आला तरी पुढच्या तपासण्या चालू ठेवायच्या असतात. तिने फोनमध्ये ते सगळे लिहून घेतले, आणि धाकट्या नणंदेलाही घेऊन येऊ का, असे विचारले. नणंद बत्तीस वर्षांची होती, कधीच तपासलेली नव्हती. तिला आणायलाच हवे होते.